मेळाव्यातील उपेक्षा आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात एका निवृत्त शिक्षकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चालकांनी मला दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा असा प्रश्न मजपुढे उभा राहिला. मी मॅट्रिक झालेला एक साधा प्राथमिक शिक्षक. छत्तीस वर्षे हाती खडू धरला आणि आता निवृत्तीचे दिवस समाधानाने काढीत आहे. विद्वत्तेचा विषय घ्यावा एवढा माझा अधिकार नाही. ज्ञातीचा इतिहास सांगणारे जाणते लोक आपल्यात आहेत. शिष्यवृत्त्या, वसतिगृह, वधूवर सूचक केंद्र यांविषयी वार्षिक अहवालात सविस्तर येतच असते. यास्तव मी असा एक विषय निवडला आहे की, ज्याचा अनुभव येथे बसलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी घेतलेला आहे, परंतु ज्याविषयी चारचौघांत बोलण्याचा प्रघात नाही. स्नेह्यांच्या मेळाव्यात, आपलीच माणसे भोवती असताना, आपण मात्र बाजूला पडलो आहोत असे वाटणे, हा तो विषय होय.

विषय क्षुल्लक आहे असे कोणी म्हणेल. कोणी बोलले नाही तर एवढे काय बिघडले, मोठ्या माणसाने असल्या गोष्टी मनास लावून घेऊ नयेत, असे आपण दुसऱ्यास सहज सांगतो. परंतु तोच प्रसंग स्वतःवर आला म्हणजे रात्री झोप लागत नाही. एस. टी. स्थानकावर हजार माणसे असतात. त्यांतील एकानेही आपली विचारपूस केली नाही तरी आपणांस वाईट वाटत नाही, कारण तेथे आपली काही अपेक्षाच नसते. दुःख होते ते अपेक्षेच्या जागी. जेथे आपले नाव घेऊन कोणी हाक मारील असे वाटले होते, तेथे हाक आली नाही म्हणजे मन खंतावते. म्हणूनच परक्याने केलेल्या अपमानापेक्षा स्नेह्याने केलेली उपेक्षा अधिक झोंबते.

आपल्या पूर्वजांना हे दुःख ठाऊक नव्हते असे नाही. श्रीमद्भागवताच्या चौथ्या स्कंधात दक्षयज्ञाची कथा आली आहे. दक्षाने मोठा यज्ञ मांडला, सर्वांना निमंत्रणे पाठविली. फक्त आपली कन्या सती आणि जामात शंकर यांना वगळले. आकाशमार्गाने नटून थटून जाणाऱ्या स्त्रिया पाहून सतीलाही माहेरी जावेसे वाटले. ती म्हणाली की, पिता, गुरू, मित्र यांच्या घरी बोलावण्यावाचूनही जाता येते. यावर शंकरांनी तिला जे सांगितले त्याचा आशय असा की, शत्रूच्या बाणांनी घायाळ झालेला मनुष्य एक वेळ झोपू शकतो, परंतु आपल्याच माणसांच्या वाकड्या शब्दांनी विद्ध झालेला मनुष्य रात्रंदिवस तळमळतो. तरीही सती गेली. पुढे काय घडले ते आपण कीर्तनांतून अनेकदा ऐकले आहे. मात्र त्या कथेतील एका लहानशा गोष्टीकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. सती यज्ञमंडपात आली तेव्हा तिची माता आणि तिच्या भगिनी यांनीच काय ते तिला प्रेमाने जवळ घेतले; बाकी सारी सभा दक्षाच्या भयाने गप्प राहिली. त्या सभेत सतीचा द्वेष करणारा वस्तुतः एकच मनुष्य होता. इतरांच्या मनात तिच्याविषयी वैर नव्हते. परंतु यजमानाची मर्जी पाहून त्यांनी तोंडे फिरविली. एकाच्या रोषाला शेकडो जणांचे मौन येऊन मिळाले, आणि त्या मौनाने अनर्थ घडला. आजही कोणत्याही मेळाव्यात एखादा मनुष्य एकटा पडतो तेव्हा बहुधा असेच घडत असते. त्याला टाळणारे एक-दोन असतात. गप्प बसणारे मात्र पुष्कळ असतात.

दुसरे उदाहरण महाभारतातील आहे. राजकुमारांच्या विद्येची परीक्षा चालली असता कर्ण रंगभूमीवर आला आणि अर्जुनाने दाखविलेले कौशल्य आपणही दाखवू शकतो हे त्याने सिद्ध केले. तेव्हा कृपाचार्यांनी त्याला कुळ विचारले. कर्णाची मान खाली गेली. त्या क्षणी सगळ्या सभेतून एकटा दुर्योधन पुढे झाला, त्याने कर्णास अंगदेशाचे राज्य दिले आणि बदल्यात केवळ मैत्री मागितली. कर्ण जन्मभर त्या मैत्रीला जागला. शिक्षक या नात्याने मी या कथेकडे जेव्हा पाहतो तेव्हा मला असे वाटते की, चांगल्यांनी ज्याला बाहेर ठेवले त्याला जो प्रथम आत घेतो त्याचा तो होतो. मग घेणारा कसा आहे हे पाहण्याचे त्राण त्याच्यात उरत नाही. अमुक मुलगा वाईट संगतीला लागला असे आपण म्हणतो. परंतु त्याच्या अगोदर चांगल्या संगतीने त्याला किती वेळा दाराबाहेर उभे केले होते, याची चौकशी आपण करीत नाही.

आता पुराणांतून आजच्या काळात येऊ. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेत झालेला एक प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. मेंदूचे चित्र घेणाऱ्या यंत्रात मनुष्यास निजवून त्याला पडद्यावर चेंडूफेकीचा एक साधा खेळ खेळावयास दिला जाई. आपल्याबरोबर आणखी दोघे जण खेळत आहेत असे त्याला सांगितलेले असे. वस्तुतः ते दोघे म्हणजे यंत्राचीच करामत होती. थोडा वेळ चेंडू तिघांत फिरे आणि मग ते दोघेच एकमेकांकडे चेंडू टाकू लागत. एवढ्याने त्या मनुष्याच्या मेंदूचा, शरीरास वेदना झाली असता जो भाग जागृत होतो, त्याच्याशी संबंधित असलेला भाग जागृत झाल्याचे दिसले. ही दोन दुःखे कितपत एक मानावयाची यावर शास्त्रज्ञांत पुढे मतभेद झाले, आणि तो निर्णय आपला नव्हे. परंतु पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात याहून नवलाची गोष्ट आढळली. आपल्याबरोबर खेळणारे मनुष्य नसून केवळ यंत्र आहे, असे ज्यांना आधीच स्पष्ट सांगितले होते, त्यांनाही चेंडू येईनासा झाला तेव्हा वाईट वाटले.

या खेळाची कल्पना किपलिंग विल्यम्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाची. ती सुचली त्याची हकीकत ते असे सांगतात की, एकदा ते बागेत बसले असता दोन अनोळखी मनुष्यांची खेळण्याची तबकडी त्यांच्यापाशी येऊन पडली. त्यांनी ती परत फेकली. त्या दोघांनी ती पुन्हा यांच्याकडे टाकली आणि काही वेळ तिघांचा खेळ चालला. मग काही कारण नसता त्यांनी यांच्याकडे टाकणे बंद केले. ज्यांचे नावही ठाऊक नाही अशा मनुष्यांनी दोन मिनिटांच्या खेळातून वगळले, तरी त्या गृहस्थांना खंत वाटली. मग ज्यांच्याबरोबर बालपण काढले त्यांनी वगळले तर काय वाटत असेल, याचा आपणच विचार करावा. तात्पर्य हे की, उपेक्षेचे दुःख हा मनाचा दुबळेपणा नव्हे. काटा रुतल्यावर कळ येते तशीच ही कळ आहे, आणि ती बुद्धीची परवानगी मागून येत नाही.

माझ्या स्वतःच्या अनुभवातील एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या मॅट्रिकच्या वर्गातील सोबत्यांचे एक संमेलन तालुक्याच्या गावी भरले होते. वीस-पंचवीस जण जमले होते. कोणी अभियंता, कोणी बँकेत मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला, कोणी यशस्वी व्यापारी. ज्या दोघा-तिघांबरोबर मी एका बाकावर बसत असे, ज्यांच्याबरोबर चिंचेच्या झाडावर दगड मारले, तेही होते. त्यांनी मला पाहताच मिठी मारली. नंतर जेवणे सुरू झाली. ताट हातात घेऊन उभ्याने जेवण्याची पद्धत. जो तो आपल्या घोळक्यात. माझे ते बालमित्र गेली कित्येक वर्षे शहरात एकमेकांच्या जवळ राहत होते; त्यांचे प्रवास एकत्र झाले होते, मुलांची लग्ने एकमेकांच्या मदतीने झाली होती. त्यांच्या हसण्याची कारणे मला ठाऊक नव्हती. सारे हसले म्हणजे मीही हसे. थोड्या वेळाने मी हात धुण्यास गेलो, तेवढ्यात सर्वांचे एकत्र छायाचित्र काढण्यात आले. आठवड्याने ते छायाचित्र प्रत्येकाच्या मोबाईलवर आले, माझ्याही आले. खाली सगळ्यांच्या नावांची यादी होती. त्या छायाचित्रात मी नव्हतो याचे मला फारसे वाटले नाही. परंतु मी नाही, ही गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नाही, याचे मात्र फार वाटले.

आता याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पुढे दोनच महिन्यांनी त्यांतील एका मित्राने आपल्या नातवाच्या बारशाचे निमंत्रण देण्यासाठी मला स्वतः दूरध्वनी केला, आणि "तू आला नाहीस तर मला चालायचं नाही" असे त्याने बजावले. मी गेलो. त्याने मला आपल्या शेजारी बसवून घेतले. तेव्हा त्याच्या मनात माझ्याविषयी काडीचेही किल्मिष नव्हते हे उघड झाले. संमेलनात मला त्याने टाळले नव्हते. माझे विस्मरण झाले होते, एवढेच. मात्र ज्याला टाळले आणि ज्याचे विस्मरण झाले, त्या दोघांची त्या क्षणीची व्यथा सारखीच असते.

या अनुभवावर विचार करता असे दिसते की, मेळाव्यातील उपेक्षा तीन प्रकारची असते. पहिली बुद्धिपुरस्सर केलेली. हिचे मूळ द्वेषात किंवा शिक्षा करण्याच्या इच्छेत असते. दुसरी प्रतिष्ठेच्या उतरंडीतून येणारी. पाहुणा मोटारीतून उतरला तर स्वागत समिती धावते, पायी आला तर त्याचे त्याने आत यावे. तिसरी अनवधानाने होणारी. जुने स्नेही एकत्र आले, आपल्यातच रमले आणि कडेच्या मनुष्याकडे त्यांची पाठ झाली. पहिलीचा निषेध सर्वजण करतात. दुसरीविषयी कुजबूज होते. तिसरी मात्र अपराध म्हणून कोणाच्या गणतीतच नसते, आणि चांगल्या माणसांच्या हातून सर्वाधिक घडते ती हीच.

आपल्या जुन्या पंगतीची रीत आठवून पाहा. पंगत मांडली म्हणजे जो ज्या क्रमाने येई त्या क्रमाने पाटावर बसे; शेजार नशिबाने मिळे. सर्व पदार्थ वाढून झाल्यावाचून कोणी घास घेत नसे. यजमान स्वतः पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरे, प्रत्येकापुढे क्षणभर थांबून आग्रह करी आणि "सावकाश होऊ द्या" असे म्हणे. शेवटच्या मनुष्याचे जेवण होईपर्यंत कोणी उठत नसे. एकास तूप अधिक आणि दुसऱ्यास कमी वाढणे यास पंक्तिप्रपंच म्हणत आणि ते पाप मानले जाई. यजमानाच्या स्मरणशक्तीवर किंवा मनाच्या मोठेपणावर काही सोडलेले नव्हते. रीतच अशी होती की कोणी विसरला जाऊ नये. उभ्याने जेवण्याच्या पद्धतीत सोय आहे, वेळ वाचतो, हे मला मान्य आहे; परंतु त्या पद्धतीत यजमान फिरत नाही, पाहुणेच फिरतात, आणि ज्याला घोळका नाही तो भिंतीपाशी जाऊन उभा राहतो.

तथापि जुन्याचे केवळ गुणगान करणे हे सत्याला धरून होणार नाही. ज्या पंगतीत आतल्यांसाठी एवढी काळजी होती, तीच पंगत बाहेरच्यांसाठी कठोर होती. पंगतीला कोणी बसावयाचे आणि कोणी अंगणाबाहेर थांबावयाचे, हे जन्मावर ठरत असे. आतल्यांपैकीही कोणी रूढी मोडली तर त्याचे पान पंगतीतून उठविले जाई. १८९० साली पुण्यास पंच हौद मिशनमध्ये सभेसाठी गेलेल्या मंडळींपुढे चहा आला, आणि त्या चहावरून केवढे ग्रामण्य झाले ते आपण वाचलेच असेल. प्रकरण शंकराचार्यांच्या चौकशीपर्यंत गेले आणि न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्या पुरुषांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नास तोंड द्यावे लागले. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी एका विधवेशी विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरूड गावी त्यांच्यावर बहिष्कार पडला. ज्या गावाच्या उत्कर्षासाठी ते झटत होते त्याच गावात त्यांना जवळ करणे घरच्यांनाही अवघड झाले. पुढे १९५८ साली त्यांना भारतरत्न ही पदवी मिळाली. बहिष्काराचा ठराव करणाऱ्यांची नावे आज कोणास आठवत नाहीत.

हे दिवस गेले असे आपण म्हणतो. परंतु ते पूर्ण गेले असते तर महाराष्ट्राच्या विधिमंडळास २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला नसता. हा कायदा २०१७ च्या जुलै महिन्यात अमलात आला. एखाद्यास समाजाच्या वा ज्ञातीच्या कार्यक्रमात भाग घेण्यास अडथळा करणे हाही त्याअन्वये गुन्हा आहे, आणि त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा सांगितली आहे. आपल्या मंडळाने कोणावर असा बहिष्कार घातलेला नाही आणि घालणारही नाही, याविषयी माझी खात्री आहे. परंतु कायद्यास न दिसणारा बहिष्कारही असतो, आणि त्याविषयी दोन शब्द स्पष्ट बोलण्याची मी आपणांजवळ परवानगी मागतो.

आपल्या सभासदांच्या यादीतून काही नावे आपोआप गळत जातात. ठराव कोणी करीत नाही. कोणी कोणास येऊ नका असे म्हणत नाही. एखाद्याचा धंदा बसला, तो वर्गणी देऊ शकला नाही, त्याला पत्रिका जाणे बंद झाले. एखाद्या भगिनीचे यजमान वारले. पत्रिका यजमानांच्या नावे जात असे, ती बंद झाली. एखाद्या कन्येचा घटस्फोट झाला. त्या कुटुंबाने यावे की न यावे असा संकोच दोन्ही बाजूंस पडला आणि ते येईनासे झाले. एखाद्या मुलाने वा मुलीने ज्ञातीबाहेर विवाह केला. आईबाप पुढच्या वर्षी आले, परंतु ज्या वर्तुळात ते नेहमी बसत तेथे बोलणे एकाएकी थांबले, आणि त्यानंतर ते आले नाहीत. आपण म्हणालो, "हल्ली त्यांना वेळ होत नसेल." बंधुभगिनींनो, त्यांना वेळ होता. त्यांच्या घरी आजच्या दिवशी दुपारी या मेळाव्याचाच विषय निघत असेल.

ज्ञातिसंस्था कशासाठी स्थापन झाल्या, याचा या ठिकाणी विचार करावा. गावातून शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी मोठ्या शहरात आलेल्या मनुष्यास तेथे ओळख नसे. त्याला कोणी तरी आपले म्हणणारे असावे, म्हणून या संस्था निघाल्या. एकट्या पडलेल्यास सोबत देणे हाच त्यांचा मूळ हेतू. मग जो मनुष्य संकटाने वा प्रसंगाने एकटा पडला, त्याच्याच बाबतीत संस्था मागे सरली तर तिने आपला मूळ हेतूच सोडला असे म्हणावे लागेल. ज्याचे सर्व काही सुरळीत आहे त्याला संमेलनाची तेवढी गरज नसते.

आपल्या भगिनींच्या हळदीकुंकवाविषयीही असेच म्हणता येईल. संक्रांतीचे हळदीकुंकू हा स्त्रियांच्या भेटीगाठींचा केवढा सुंदर प्रसंग! परंतु ज्या भगिनीचा पती वारला, तिचे बोलावणे त्याच वर्षापासून थांबते; म्हणजे ज्या वर्षी तिला मैत्रिणींची सर्वाधिक गरज असते नेमके त्या वर्षी. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर गावांनीही त्याचे अनुकरण करावे असे सुचविले. एका लहानशा गावाला जे जमले ते आपल्या सुशिक्षित महिला शाखेला अवघड नाही. त्यासाठी आंदोलन करावयास नको. यादी करताना एक ओळ वाढवावयाची आहे.

आता थोडे वर्गातील अनुभवावरून सांगतो. जेकब मोरेनो यांनी १९३४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात समाजमितीची पद्धत मांडली, आणि ती आम्हांस शिक्षणशास्त्राच्या वर्गात शिकविलेली होती. प्रत्येक मुलास विचारावयाचे की, सहलीत तुला कोणाजवळ बसावयास आवडेल? उत्तरे गुप्तपणे घ्यावयाची आणि मग कोणाकडे किती बाण जातात त्याची आकृती काढावयाची. असा कागद मांडला की दर वर्गात एक-दोन मुले अशी निघतात की, ज्यांच्याकडे एकही बाण येत नाही. ती मुले उनाड असतात असे नाही. पुष्कळदा ती नुसती नवीन आलेली असतात. माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. त्याचे आईवडील ऊसतोडीला जात, त्यामुळे वर्षातले काही महिने तो शाळेत नसे आणि परत येई तेव्हा सगळ्यांच्या जोड्या जमलेल्या असत. अशा वेळी वर्गास उपदेश करून उपयोग होत नाही, हे जुन्या शिक्षकांस ठाऊक असते. "याच्याशी बोला रे" असे सांगितले की मुले दोन दिवस बोलतात आणि त्या मुलास अधिकच ओशाळे वाटते. त्या वर्षी शाळेच्या परसात भाजीचे वाफे करावयाचे होते. वाफे बांधणे, पाटाचे पाणी वळविणे यांत त्या मुलाइतका वाकबगार वर्गात कोणी नव्हता. त्याला तुकडीचा प्रमुख केले. पंधरा दिवसांत मधल्या सुटीत त्याच्याबरोबर डबा खाणारे दोघे जण झाले. त्या मुलास दया नको होती. त्याच्यावाचून अडते असे एक काम त्याला हवे होते. मोठ्या माणसांचेही तसेच आहे.

उपेक्षेचे दुःख ज्यांच्या वाट्यास येते त्यांनाही मी दोन गोष्टी सुचवू इच्छितो. पहिली ही की, अनवधानास द्वेष समजू नये. सांगितल्यावाचून दुसऱ्यास कळत नाही. विश्वासाच्या एका मित्रास बाजूस घेऊन शांतपणे सांगावे. दहा जणांत सांगितल्याने तक्रार होते, एकास सांगितल्याने बहुधा समजूत होते. दुसरी ही की, मेळाव्यात आपण एकटे पडलो असे वाटले तर सभोवती पाहावे. आपल्यासारखाच आणखी कोणी तरी भिंतीपाशी उभा असतो. त्याच्याकडे चार पावले चालत जावे. मात्र एवढेही सांगितले पाहिजे की, जेथे वारंवार आणि जाणूनबुजून अवहेलना होते तेथे स्वाभिमान गहाण टाकून जात राहणे हा काही सद्गुण नव्हे.

परंतु मुख्य जबाबदारी बाहेर राहिलेल्याची नसून आत असलेल्यांची आहे. वर्तुळात बसलेल्याने थोडे सरकले तरच बाहेरच्यास जागा होते. म्हणून मी मंडळापुढे पाच नम्र सूचना ठेवतो. त्यांस पैसा लागत नाही.

पहिली, पुढील संमेलनात निदान एक जेवण पंगतीने व्हावे, बसण्याच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात, आणि पदाधिकाऱ्यांनी वाढपी व्हावे. दुसरी, स्वागत समितीतील दोन स्त्रिया व दोन पुरुष प्रवेशद्वाराशी न थांबता सभागृहात फिरते असावेत. एकटा बसलेला मनुष्य शोधणे आणि त्याची कोणाशी तरी गाठ घालून देणे, एवढेच त्यांचे काम. तिसरी, गेल्या पाच वर्षांत ज्यांचे येणे थांबले अशा कुटुंबांची यादी चिटणिसांनी करावी आणि पत्रिका टपालाने किंवा मोबाईलवर न पाठविता दोघा सभासदांनी त्यांच्या घरी जाऊन द्यावी. चौथी, ज्ञातीबाहेरून आपल्या घरांत आलेल्या सुना व जावई यांची नावे स्वतंत्र नोंदीने नव्हे, इतरांबरोबरच कुटुंबाच्या यादीत यावीत. पाचवी, महिला शाखेच्या हळदीकुंकवाचे बोलावणे प्रत्येक सभासद भगिनीस जावे. त्यात दुसरा काही भेद करू नये.

यांतील काही सूचना सर्वांना रुचतील असे मी गृहीत धरीत नाही. विशेषतः तिसरी आणि चौथी यांविषयी मतभेद होतील, ते होऊ द्यावेत. वडीलधाऱ्या मंडळींना मी एवढेच विनवितो की, ज्ञातीचे बंधन सैल होईल या भीतीने आपण ज्यांना दूर ठेवतो, ते दूर राहिल्याने बंधन घट्ट होत नाही. आपली संख्या तेवढी घटते आणि त्यांची मुले आपणांस ओळखीनाशी होतात. आणि तरुणांना विनवितो की, हा मेळावा जुनाट आहे म्हणून त्याच्याकडे पाठ फिरवू नका. तुम्ही आलात तरच त्यात फरक पडेल.

चिटणीस महाशयांनी तिसऱ्या सूचनेतील यादी करण्याचे मनावर घेतले तर घरोघर जाण्याच्या कामी मी माझे नाव आताच देतो. माझे गुडघे दुखतात, तरी दोन जिने चढण्याइतके त्राण अद्याप आहे. माझ्याबरोबर येणारा एक जण मात्र मला हवा आहे. सभा संपल्यावर मी येथे व्यासपीठाच्या डाव्या बाजूस थांबेन.